नारायण सदोबा काजरोळकर: लोण्याच्या धंद्यातून लोकसभेत गेलेले खासदार आणि १९५२ ची मुंबईतील निवडणूक

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. ‘घटनेच्या शिल्पकाराला एका लोणी विकणाऱ्याने हरवले,’ असा त्याचा आशय असतो. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, परळ या भागांतील आपल्या वस्त्यांमध्ये ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पण तो लोणी विकणारा कोण होता, निवडणूक कोणत्या पद्धतीने झाली, मते कशी मोजली गेली आणि पुढे काय घडले, हे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. राग लक्षात राहिला, तपशील विसरला गेला. या लेखात तो तपशील एकत्र मांडला आहे.

थोडक्यात नोंद

पूर्ण नाव: नारायण सदोबा काजरोळकर
समाज: चर्मकार (चांभार)
व्यवसाय: लोण्याचा व्यापार
पक्ष: भारतीय राष्ट्रीय काँग्रेस
मतदारसंघ: मुंबई शहर उत्तर, अनुसूचित जातींसाठी राखीव जागा
लोकसभा: पहिली (१९५२ ते १९५७)
इतर जबाबदारी: पहिल्या मागासवर्ग आयोगाचे (कालेलकर आयोग) सदस्य
सन्मान: पद्मभूषण, १९७०

व्यवसाय आणि राजकीय भूमिका

काजरोळकर हे मुंबईतील काँग्रेसनिष्ठ अस्पृश्य कार्यकर्त्यांपैकी एक. गांधीजींच्या हरिजन कार्याच्या बाजूने उभा राहिलेला एक गट मुंबईत होता. त्यात चर्मकार समाजातील काही नामवंत मंडळी होती. क्रिकेटपटू पळवणकर बाळू हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली. तेव्हा या गटाने धर्मांतराला विरोध केला. काजरोळकर याच बाजूचे होते.

म्हणून सगळा चर्मकार समाज बाबासाहेबांच्या विरोधात होता, असे म्हणणे चूक आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेपासून बाबासाहेबांबरोबर काम केलेले सीताराम नामदेव शिवतरकर हे चर्मकारच होते. काँग्रेसची बाजू घेणारे लोक महार समाजातही होते. मतभेद होता तो भूमिकेचा: अस्पृश्यांनी हिंदू समाजात राहून सुधारणेची वाट पाहायची, की स्वतंत्र राजकीय ताकद उभी करून हक्क मिळवायचे? काजरोळकर पहिल्या बाजूला होते आणि बाबासाहेब दुसऱ्या.

त्यांच्या धंद्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. निवडणुकीच्या काळात त्यांना ‘लोणीविक्या’ म्हणून हिणवले गेले. हा टोमणा आचार्य अत्रे यांच्या नावावर सांगितला जातो. आपल्याकडेही तो आवडीने वापरला जातो. पण जरा थांबून विचार करावा. जातीने नेमून दिलेले काम सोडा, शिका, नवे धंदे करा, असे बाबासाहेब आयुष्यभर सांगत राहिले. दूध, लोणी, तूप हा शिवाशिवीच्या कल्पनेत सर्वांत नाजूक माल. गावाकडे अस्पृश्याच्या हातचे पाणी घेत नसत, मग लोणी कुठले घेणार? त्या काळात चर्मकार समाजातील माणसाने चामड्याऐवजी लोण्याच्या व्यापारात उतरणे ही लाजेची गोष्ट नव्हती. काजरोळकरांच्या राजकारणावर टीका करायला भरपूर जागा आहे. त्यांच्या धंद्यावर हसणे मात्र आपल्या चळवळीला शोभत नाही.

निवडणुकीची पार्श्वभूमी

१९५२ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याबदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. राखीव जागेवर उमेदवार अस्पृश्यच असणार, पण त्याला निवडणार सगळे मतदार मिळून, हे संयुक्त मतदारसंघाचे तत्त्व. त्यात निदान सुरुवातीला अस्पृश्य मतदारांची एक प्राथमिक निवडणूक ठेवली होती. चार जणांचे पॅनेल अस्पृश्यांनीच ठरवायचे होते. राज्यघटना लागू झाली तेव्हा ही प्राथमिक फेरी राहिली नाही.

१९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे याच शहरातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पळवणकर बाळू यांना उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. तेव्हाच्या मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. संख्येने कमी असलेला समाजही एकजुटीने मते एकवटून आपला माणूस निवडून आणू शकत होता. ही मुभा पुढे गेली, हे लक्षात ठेवा. १९५२ च्या निकालाशी तिचा थेट संबंध आहे.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांतात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनला (शेकाफे) एकही जागा मिळाली नाही. बाबासाहेब संविधान सभेत गेले ते जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील सहकाऱ्यांच्या बळावर. फाळणीनंतर ती जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडले गेले.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरच्या निवेदनात त्यांनी कारणे सांगितली. हिंदू कोड बिल हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले कारण. पण त्याच निवेदनात आणखी एक तक्रार आहे: घटनेत तरतूद असूनही मागासवर्गांसाठी आयोग नेमला गेलेला नाही. ही तक्रार काजरोळकरांच्या चरित्रात पुन्हा भेटणार आहे.

एक मतदारसंघ, दोन जागा, दोन मते

‘मुंबई शहर उत्तर’ हा द्विसदस्य मतदारसंघ होता. बेटाच्या उत्तरेकडचा गिरणगाव त्यात येत होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती.

मतदानाची तेव्हाची रीत आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर निशाणी चिकटवलेली असे. मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. त्यावर शिक्का मारायचा नसे. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मत धरले जाई आणि दुसरे बाद होई. म्हणजे १९३७ मध्ये सगळी मते एकाच माणसाला देता येत होती, १९५२ मध्ये येत नव्हती. दुसरे मत कोणाला तरी द्यायचे किंवा वाया घालवायचे, एवढेच हाती होते. या वाया घालवण्यालाच आपल्याकडे ‘मत कुजवणे’ म्हणतात.

मोजणीचा नियम असा होता: अनुसूचित जातीच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वांत जास्त मते, तो राखीव जागेवर निवडून आला. उरलेल्या सर्व उमेदवारांपैकी ज्याला सर्वांत जास्त मते, तो सर्वसाधारण जागेवर.

काँग्रेसने सर्वसाधारण जागेसाठी विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी काजरोळकर यांना उभे केले. शेकाफेने समाजवादी पक्षाशी युती केली होती. त्या युतीतर्फे अशोक मेहता आणि बाबासाहेब उभे राहिले. कम्युनिस्ट पक्षातर्फे गिरणी कामगारांचे पुढारी श्रीपाद अमृत डांगे मैदानात होते. बैलजोडी, झाड, हत्ती आणि कणीस-विळा अशा निशाण्यांच्या पेट्या एकाच मतदान केंद्रात शेजारी शेजारी मांडल्या होत्या. मतदान जानेवारी १९५२ मध्ये झाले.

आकडे काय सांगतात

निकालाचे आकडे ढोबळमानाने असे आहेत. वि. बा. गांधी सुमारे १ लाख ४९ हजार, अशोक मेहता सुमारे १ लाख ४० हजार, काजरोळकर सुमारे १ लाख ३८ हजार, डॉ. आंबेडकर १ लाख २३ हजार ५७६ आणि डांगे सुमारे ९७ हजार. बाबासाहेब साधारण १४ हजार मतांनी हरले.

यातून तीन गोष्टी दिसतात.

पहिली, अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा थोडी जास्त मते मिळूनही ते हरले. एक जागा राखीव होती, म्हणून काजरोळकर निवडून आले. राखीव जागेचा कायदेशीर उपयोग येथे झाला. पण तो झाला त्या जागेचा आग्रह ज्यांनी धरला त्यांना वगळून.

दुसरी, युतीतल्या दोन उमेदवारांच्या मतांत सुमारे १६ हजारांचा फरक आहे. मेहतांना मिळालेली सगळी मते बाबासाहेबांनाही मिळाली असती, तर ते थोड्या फरकाने का होईना, काजरोळकरांच्या पुढे गेले असते. शेकाफेचा मतदार झाडाच्या पेटीत मत टाकून आला, पण समाजवादी पक्षाकडे वळलेल्या सर्व मतदारांचा हात हत्तीच्या पेटीपर्यंत पोहोचला नाही, असा याचा सरळ अर्थ निघतो.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. हाच फरक काँग्रेसमध्येही दिसतो. एकाच पक्षाच्या, एकाच बैलजोडीच्या दोन उमेदवारांपैकी सवर्ण गांधींना जितकी मते पडली, त्यापेक्षा काजरोळकरांना सुमारे ११ हजारांनी कमी पडली. पक्षाची शिस्त, पैसा, नेहरूंचे नाव हे सगळे पाठीशी असताना काही काँग्रेस मतदारांनी अस्पृश्य उमेदवाराला मत दिले नाही. म्हणजे त्या निवडणुकीत जात बाबासाहेबांच्या विरोधात होती आणि जिंकलेल्या काजरोळकरांच्याही विरोधात होती. फरक एवढाच की काँग्रेसच्या मतांचा साठा मोठा असल्याने ११ हजार मते गळूनही काजरोळकर तरले. बाबासाहेबांना ती गळती परवडली नाही.

म्हणूनच ‘घटनाकार विरुद्ध लोणीविक्या’ ही मांडणी निकालाचे स्पष्टीकरण देत नाही. त्या पेट्यांत दोन माणसांची योग्यता मोजली गेली नव्हती. पक्षाची यंत्रणा आणि दुसऱ्या मताचा प्रवास मोजला गेला होता.

कुजवलेली मते आणि निवडणूक अर्ज

या मतदारसंघात बाद झालेल्या मतांची संख्या फार मोठी होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक रद्द करावी म्हणून न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. त्यात बाद मतांचा आकडा ७४,३३३ दिला होता. डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांना मते वाया घालवण्याचे आवाहन केले, असा आरोप अर्जात होता. डांग्यांच्या कार्यकर्त्यांनी दुसरे मत दुसऱ्या कोणालाच पडू नये असा प्रचार केला, ही तक्रार तेव्हापासून आजवर आपल्या वस्त्यांत सांगितली जाते. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. निकाल कायम राहिला.

७४ हजार बाद मते आणि १४ हजारांचा फरक हे दोन आकडे शेजारी ठेवले की राग का टिकून राहिला ते कळते. पण न्याय्य राहायचे तर हेही मान्य करावे लागते की सगळी बाद मते बाबासाहेबांचीच होती, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पहिलीच सार्वत्रिक निवडणूक, निरक्षरता आणि दोन मतपत्रिकांचा घोळ यांमुळेही मते बाद होत होती.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, बाबासाहेब भंडारा येथील पोटनिवडणुकीला उभे राहिले. तोही द्विसदस्य मतदारसंघच. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब पुन्हा हरले. भंडाऱ्यात काही कार्यकर्त्यांनी दुसरे मत कुजवण्याचा मार्ग सुचवला होता. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगू नये, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी तो नाकारला, असे चळवळीतील आठवणींत सांगितले जाते. मुंबईत ज्या प्रकाराविरुद्ध त्यांनी अर्ज केला, तोच प्रकार स्वतःच्या फायद्यासाठी वापरायला त्यांनी नकार दिला, हे या आठवणीचे सार आहे.

१९५२ च्या निवडणुकीत देशभरात शेकाफेचे दोनच खासदार निवडून आले: सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातील करीमनगरमधून एम. आर. कृष्णा. राजभोजही जन्माने चर्मकार. हा तपशील पुढे ठेवला की ‘चांभारांनी बाबासाहेबांना पाडले’ हे वाक्य आपोआप गळून पडते.

खासदार काजरोळकर आणि कालेलकर आयोग

पहिली लोकसभा मे १९५२ मध्ये सुरू झाली. काजरोळकर लोकसभेत होते. त्याच वर्षी मुंबई राज्यातून निवडून आलेले बाबासाहेब राज्यसभेत होते आणि ६ डिसेंबर १९५६ पर्यंत ते तिथे राहिले. हरलेला आणि जिंकलेला, दोघेही एकाच संसदेच्या दोन सभागृहांत बसत होते. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ याच संसदेने केला. हिंदू कोड बिलाचे तुकडे करून बनवलेले विवाह, वारसा आणि दत्तकाचे कायदेही याच संसदेत मंजूर झाले.

काजरोळकरांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच आहे. २९ जानेवारी १९५३ रोजी घटनेच्या अनुच्छेद ३४० खाली देशातील पहिला मागासवर्ग आयोग नेमण्यात आला. काका कालेलकर अध्यक्ष होते आणि काजरोळकर सदस्य. राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी ज्या आयोगाबद्दल तक्रार केली होती, तोच हा आयोग. ज्यांनी बाबासाहेबांना हरवले, त्यांनाच त्या आयोगावर बसण्याची संधी मिळाली.

आयोगाने ३० मार्च १९५५ रोजी अहवाल दिला. २,३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या आणि त्यांपैकी ८३७ अतिमागास ठरवल्या. तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा, सरकारी नोकरीत वर्गानुसार २५ ते ४० टक्के जागा, १९६१ च्या जनगणनेत जातनिहाय मोजणी आणि सर्व स्त्रियांना मागास मानणे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. शिवदयाल सिंह चौरसिया यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली. खुद्द अध्यक्ष कालेलकरांनी अहवालासोबतच्या पत्रात जातीच्या निकषाबद्दल इतकी शंका घेतली की अहवालाचा पायाच डळमळला. केंद्र सरकारने तो अमलात आणला नाही. ओबीसींना केंद्रात आरक्षण मिळायला मंडल आयोग आणि १९९० साल उजाडावे लागले.

आज जातनिहाय जनगणनेची मागणी होते तेव्हा ती नवी वाटते. प्रत्यक्षात ती १९५५ च्या अहवालात लिहून ठेवलेली आहे आणि त्या अहवालाच्या सदस्यांत वरळी-परळच्या गिरणगावाने निवडून दिलेला खासदार होता. काँग्रेसच्या आत राहून हक्क मिळतील असे मानणाऱ्या गटाला यातून काय मिळाले, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. पक्षाने त्यांना आयोगावर बसवले आणि त्या आयोगाचे काम बाजूला ठेवले. बाबासाहेबांची भीती नेमकी हीच होती. बहुसंख्याकांच्या मतांवर निवडून आलेला प्रतिनिधी प्रामाणिक असला तरी त्याच्या हातात दबाव आणण्याची ताकद उरत नाही.

पाच वर्षांनी चित्र पालटले

१९५७ मध्ये गिरणगावाने वेगळा कौल दिला. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेकाफे आणि कम्युनिस्ट एकत्र होते. १९५२ मध्ये समोरासमोर असलेले डांगे आता शेकाफेच्या बाजूला उभे होते. मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि शेकाफेचे जी. के. माने दोघेही निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. मतदार बहुतांश तेच होते आणि दोन मतांची पद्धतही तीच होती. फरक होता तो युतीतल्या सर्वांनी आपले दुसरे मत पोहोचवण्यात. हे पाहायला बाबासाहेब नव्हते.

द्विसदस्य मतदारसंघांची पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. त्याआधी १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरी हरले. गिरींनी न्यायालयात दाद मागितली आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. राखीव वर्गातील माणूस सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, हे त्या प्रकरणात स्पष्ट झाले.

बौद्धांसाठी आणखी एक अडचण उभी राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धम्म स्वीकारलेले लोक केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेले. लोकसभेच्या राखीव जागेवर बौद्ध म्हणून उभे राहणे १९९० च्या दुरुस्तीपर्यंत शक्य नव्हते. रा. धों. भंडारे १९६७ आणि १९७१ मध्ये मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले ते काँग्रेसतर्फे. १९७३ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जागा रिकामी झाली. तिच्या पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावरील सभेनंतर बीडीडी चाळींत दंगल उसळली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. ती पोटनिवडणूक कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे यांनी जिंकली. त्या डांग्यांच्या कन्या. वरळीच्या १२१ चाळींनी १९५२ पासून १९७४ पर्यंत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पाहिला: आमच्या मतांनी कोण निवडून येतो आणि तो कोणाचे ऐकतो?

काजरोळकरांची नोंद कशी ठेवावी

१९७० मध्ये काजरोळकरांना पद्मभूषण मिळाले. बाबासाहेबांना भारतरत्न मिळायला १९९० साल उजाडले. सत्तेची मर्जी आणि इतिहासाचा न्याय यांच्या वेळा जुळत नाहीत, हे यातून दिसते. आज काजरोळकरांचे नाव घेतले जाते ते केवळ १९५२ मुळे.

तरीही त्यांना खलनायक करून आपला फायदा नाही. त्यांना तिकीट देणारा पक्ष, मते फोडणारा प्रचार, युतीतून गळलेली १६ हजार मते आणि अल्पसंख्य समाजाला मते एकवटू न देणारी पद्धत ही खरी कारणे आहेत. सगळा दोष एका लोणीवाल्यावर टाकला की ही कारणे नजरेआड होतात आणि पुढच्या निवडणुकीत आपण त्याच ठिकाणी ठेचकाळतो. आजही आपल्या वस्त्यांत युतीच्या सभा होतात. आपली मते मित्रपक्षाकडे जातात. त्यांची मते आपल्या उमेदवाराकडे आली का, हे निकालानंतर केंद्रनिहाय आकडे काढून तपासणारे कार्यकर्ते थोडे असतात.

बाबासाहेबांनी १९५२ मध्ये अर्ज करताना आधी आकडे मांडले होते. पुढच्या वेळी तो संदेश मोबाइलवर आला तर पुढे पाठवण्याआधी त्याखाली १ लाख ४० हजार आणि १ लाख २३ हजार हे दोन आकडे लिहावेत आणि शेजारच्या तरुणांना विचारावे, मधली मते कुठे गेली?